श्रेयांकांची पायरी : महाराष्ट्रातील पदविका व पदवी यांच्या संबंधाचा एक विचार

एका संस्थेत झालेले अध्ययन दुसऱ्या संस्थेने ग्राह्य धरावे की नाही, आणि धरल्यास पदवीच्या कोणत्या वर्षाचे म्हणून धरावे, हे दोन प्रश्न वस्तुतः भिन्न आहेत. पहिला मान्यतेचा, दुसरा पायरीचा होय. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात या दोहोंची उत्तरे निरनिराळ्या मार्गांनी मिळालेली दिसतात.

मान्यतेच्या प्रश्नाचे ठळक उदाहरण महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे होय. तेथील शिक्षण मातृभाषेतून होई व पदवीस 'गृहीतागमा' असे नाव होते. अध्ययनात उणीव नसली, तरी १९५१ साली वैधानिक दर्जा प्राप्त होईपर्यंत या पदव्यांना इतर विद्यापीठांच्या पदव्यांची बरोबरी लाभली नव्हती. पदवीधर स्त्रियांना जी अडचण सोसावी लागली, तिचे मूळ ज्ञानात नव्हे, तर कायद्यात होते. आणि ती कायद्यानेच दूर झाली.

पायरीचा प्रश्न इतका सरळ नाही. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणारी अभियांत्रिकी शाळा निघाली. तीच पुढे मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन पदवी देणारे महाविद्यालय झाली. १८८७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचा प्रवासही पदविकेकडून पदवीकडेच झाला. तथापि या दोन्ही ठिकाणी उन्नती झाली ती संस्थेची. कनिष्ठ अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याचे अध्ययन वरच्या वर्गात कसे मोजावे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे आजचे उत्तर मुंबईलगतच्या मीरा रोड येथील पूनम सागरसारख्या वसाहतीतील विद्यार्थ्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. हा भाग ठाणे जिल्ह्यात, मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडतो. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेणाऱ्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे पदविकेची तीन वर्षे व पदवीची तीन, अशी सहा वर्षे होतात. बारावीच्या मार्गानेही दोन आणि चार मिळून सहाच होतात. कालाच्या हिशेबात पदविकाधारकाचे नुकसान नाही. विषयांच्या हिशेबात मात्र आहे. पदविकेच्या अखेरच्या वर्षात शिकलेले विशेष विषय पदवीच्या वरच्या वर्षांत त्याला बहुधा पुन्हा शिकावे लागतात. उलट पहिल्या वर्षाचे गणित त्याने त्या खोलीने केलेले नसते. तीन वर्षांच्या श्रमाचे मोल एका वर्षाइतके ठरते, ते यामुळेच.

अमेरिकेतही हाच न्याय दिसतो. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झालेल्या द्विवर्षीय महाविद्यालयापासून तेथे जी समुदाय महाविद्यालयांची परंपरा वाढली, तिचे अभ्यासक्रम सामान्यतः पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे म्हणून स्वीकारले जातात. विषयाचे नाव एकच असले, तरी त्यास वरच्या वर्षांचे श्रेयांक सहसा मिळत नाहीत. कारण वरच्या वर्षाचा अभ्यासक्रम विषयाच्या नावावरून नव्हे, तर त्यामागे गृहीत धरलेल्या पूर्वाभ्यासावरून ठरतो.

भारतात २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक-पेढीचे विनियम केले. त्यांनुसार श्रेयांक साठविता व अन्यत्र नेता येतात; पण पदवीसाठी किमान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने पदवीच्या चार वर्षांना अनुक्रमे ४.५, ५, ५.५ व ६ असे स्तर दिले. त्यामुळे पूर्वी प्रत्येक विद्यापीठाच्या निर्णयावर सोपविलेली पायरी आता आकड्यांत व्यक्त झाली आहे.

या प्रगतीचे महत्त्व मोठे आहे. तरीही पेढी ठेव जपते, तिचे मोल वाढवीत नाही. चार श्रेयांक कोठेही नेले तरी चारच राहतात. ते दुसऱ्या वर्षाचे की तिसऱ्या, हे ज्या स्तरावर ते मिळविले त्यावरून ठरते. महिला विद्यापीठाच्या पदवीधरांस जे एका कायद्याने मिळाले, ते पदविकाधारकास केवळ कायद्याने मिळणार नाही. त्यासाठी पदविका व पदवी यांचे अभ्यासक्रम विषयवार शेजारी ठेवून तपासणे, जेथे खरी समानता आढळेल तेथे पुनरावृत्ती टाळणे आणि जेथे उणीव आढळेल तेथे पूरक अध्यापनाची सोय करणे, हाच मार्ग उरतो. तो मंद आहे. परंतु विद्यार्थ्याची वर्षे व पालकांचा पैसा त्याच मार्गाने वाचतील.