आइसलँडमधील वास्तव व्याजदर

मौद्रिक व्याजदरातून चलनवाढीचा परिणाम वगळल्यावर उरणारा दर म्हणजे वास्तव व्याजदर होय. व्याजदर ३० टक्के व भाववाढ ५० टक्के असल्यास वर्षाअखेर १०० चे १३० होतात. परंतु आरंभी १०० ला मिळणाऱ्या वस्तूंस आता १५० पडत असल्याने ठेवीदाराची क्रयशक्ती सु. १३ टक्क्यांनी घटते. वास्तव व्याजदर अशा रीतीने ऋण झाला, की जितके ठेवीदार गमावतो तितके कर्जदारास लाभते. चार लाखांहून कमी लोकवस्तीच्या आइसलँडमध्ये १९७० नंतरच्या दशकात ही स्थिती जवळजवळ कायमची झाली होती.

तिचे मूळ मासेमारीवरील अवलंबनात होते. हेरिंग मासा नाहीसा झाल्याने १९६७ व १९६८ मध्ये क्रोना या चलनाचे लागोपाठ अवमूल्यन करावे लागले. अवमूल्यनाने आयात वस्तू महागत, निर्देशांकाशी जोडलेले वेतन त्यामागोमाग वाढे, मासे निर्यात करणारे धंदे तोट्यात जात आणि पुन्हा अवमूल्यनाची मागणी होई. १९७५ मध्ये भाववाढ सु. ४९ टक्के होती. व्याजदर मात्र शासनाच्या संमतीने ठरत व भाववाढीच्या बरेच मागे राहत. त्यामुळे कर्ज मंजूर होणे म्हणजे एक प्रकारचे अनुदानच मिळणे होय. प्रमुख बँका शासकीय मालकीच्या असल्याने ते कोणाला मिळावे, हा प्रश्न अर्थकारणापेक्षा राजकारणाचा ठरला. घरे बांधणाऱ्या पिढीचे कर्ज भाववाढीतच विरून गेले. त्याची किंमत वृद्ध ठेवीदारांनी व निवृत्तिवेतन निधींनी मोजली. या निधींचे सभासदत्व १९७४ च्या कायद्याने वेतनदारांस सक्तीचे झाले होते, म्हणजे बचतीची ही झीज टाळणे त्यांच्या हाती नव्हते.

पंतप्रधान ओलावुर योहानेसन यांच्या कारकीर्दीत १९७९ साली झालेल्या व त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने ठेवी व कर्जे निर्देशांकाशी जोडण्यास मुभा दिली. अशा कर्जात मुद्दल भाववाढीच्या प्रमाणात वाढविले जाते व व्याज त्या वाढीव मुद्दलावर आकारले जाते. दर प्रारंभीच वास्तव स्वरूपात ठरतो. दीर्घ मुदतीच्या गृहकर्जात नियमित हप्ते भरूनही क्रोनांत मोजलेले येणे अनेक वर्षे वाढतच राहते, हे या पद्धतीचे सर्वांत कटू वैशिष्ट्य होय.

भाववाढ मात्र लगेच आटोक्यात आली नाही. १९८१ मध्ये जुन्या १०० क्रोनांचा एक नवा क्रोना करण्यात आला, तरी १९८३ मध्ये तिने सु. ८४ टक्क्यांची मजल गाठली. त्या वर्षी स्टेनग्रीमुर हेर्मान्सन यांच्या शासनाने वेतनाचे निर्देशांकन बंद केले. कर्जाचे चालू ठेवले. मिळकत थांबली आणि देणे वाढत गेले, त्यामुळे गृहकर्जदारांत मोठा असंतोष पसरला. दहा वर्षांपूर्वी घर बांधणाऱ्यांना जे फुकटात मिळाले, त्याचा मोबदला जणू त्यांच्या धाकट्या भावंडांकडून वसूल होऊ लागला. १९८९ मध्ये कर्जाच्या निर्देशांकात वेतनपातळीचा अंतर्भाव करण्यात आला. १९९५ पासून केवळ ग्राहक किंमत निर्देशांक प्रमाण मानण्यात येतो. १९८४ ते १९८६ या काळात व्याजदरावरील नियंत्रणे सैल झाली आणि वास्तव व्याजदर धन झाले. १९९० च्या कामगार-मालक समझोत्यानंतर भाववाढ एक-अंकी झाली.

ऑक्टोबर २००८ मध्ये तीन मोठ्या बँका कोसळल्या, क्रोनाचे मूल्य घसरले व भाववाढ जानेवारी २००९ मध्ये १८ टक्क्यांवर गेली. घरांच्या किंमती उतरत असताना त्यांवरील निर्देशांकबद्ध कर्ज फुगत होते. पुढे शासनाने २०१४ मध्ये अशा गृहकर्जांचा काही भाग माफ केला. तथापि कर्जांचे निर्देशांकन रद्द झाले नाही. २०२० मध्ये मध्यवर्ती बँकेचा दर ०·७५ टक्क्यापर्यंत उतरला, तेव्हा अनेकांनी निर्देशांकमुक्त कर्जे पसंत केली. ऑगस्ट २०२३ मध्ये हाच दर ९·२५ टक्क्यांवर पोहोचला आणि मासिक हप्ता पेलेनासा झालेली अनेक कुटुंबे पुन्हा निर्देशांकबद्ध कर्जांकडे वळली.