स्वतःचे पुस्तक स्वतः छापणे हा कमीपणा कधीपासून झाला?

१९३४ साली बाबासाहेब आणि चळवळीतले त्यांचे सुमारे तीस सहकारी सहलीला निघाले. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, हे आधी ठरले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या तळ्यावर काही जणांनी तोंडावरची धूळ धुतली आणि तळे बाटवले म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी किल्ला पाहू दिला, तोही बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून.

हा प्रसंग आज आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. कशामुळे? बाबासाहेबांनी तो स्वतः लिहून ठेवला म्हणून. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्याची पुस्तिका काढली ती १९९० साली. म्हणजे घटना घडल्यावर ५६ वर्षांनी. मधल्या दोन पिढ्या हे पान न वाचताच वेरूळ पाहून आल्या.

आज वेरूळ-खुलताबादकडची आपली पोरे लिहीत आहेत. कविता, आत्मकथन, गावातल्या चळवळीचा इतिहास. पण कोणी पदरमोड करून पुस्तक काढले की पहिला प्रश्न येतो, "का, प्रकाशक मिळाला नाही वाटते?" विचारणारे बहुतेक वेळा आपलेच असतात. त्यांना एकदा १९३६ साल आठवून द्यावे लागेल.

लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषण वाचल्यावर मंडळ हादरले. वेदांवरचा, धर्मांतरावरचा भाग गाळा, अशी गळ घातली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले आणि परिषदच बारगळली. आता बघा, त्या क्षणी हे भाषण म्हणजे नाकारलेले हस्तलिखित होते. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने प्रसिद्ध केले. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हे आपले सर्वांत गाजलेले पुस्तक लेखकाने स्वतः छापलेले पुस्तक आहे. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

किंमत होती आठ आणे. गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले, तेव्हा पुस्तक लेखकाने स्वखर्चाने छापल्याची नोंद केली आणि किंमत दोन आणे, निदान चार आणे करावी असा सल्लाही दिला. (सल्ला चांगलाच होता, पण छपाईचे बिल सल्ला देणाऱ्याला भरायचे नव्हते.) बाबासाहेबांनी पुढे काय केले ते लिहिणाऱ्या प्रत्येकाने शिकण्यासारखे आहे. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीका जशीच्या तशी छापली आणि तिच्या मागोमाग आपले उत्तर दिले. म्हणजे टीकाकाराचे नाव पुस्तकाच्या कामाला लावले! तोवर गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली होती. मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळम चालू होती. प्रसिद्धी यालाच म्हणतात. प्रसिद्धीची हाव असल्याचा आरोप मात्र त्यांनी त्याच उत्तरात फेटाळला. हिंदूंना विचार करायला लावायचे होते, म्हणून छापले.

प्रस्थापितांची दारे बंद असतात हे त्यांना १९२० सालीच कळले होते. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे मोजूनही घ्यायला 'केसरी' तयार नव्हता. आणि दार नेहमी परक्यांचेच बंद असते असेही नाही. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची सुरुवातीची प्रकरणे 'दीनबंधु'ने छापली आणि पुढची छापायला नकार दिला. 'दीनबंधु' तर सत्यशोधकांचेच पत्र! हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडेही आता मासिके आहेत, संपादक आहेत, व्यासपीठे आहेत, आणि आपल्यालाही कधी कधी असूड नको असतो.

शेवटच्या पुस्तकाची गोष्ट जास्त कडू आहे. १४ सप्टेंबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या बरोबर एक महिना आधी, बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. 'बुद्ध अँड हिज धम्म'च्या छपाईला सुमारे २०,००० रुपये लागतात, ते आवाक्याबाहेर आहे, तर बुद्धाच्या २५०० व्या जयंतीनिमित्त ग्रंथालयांसाठी आणि येणाऱ्या विद्वानांसाठी सरकारने ५०० प्रती घ्याव्यात. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, जयंतीच्या वेळी पुस्तक विक्रीला ठेवता येईल. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला मिळालेले हे उत्तर. ग्रंथ १९५७ साली निघाला तो सिद्धार्थ कॉलेजतर्फे, म्हणजे त्यांनीच उभ्या केलेल्या सोसायटीच्या कॉलेजातून. पाहायला ते नव्हते.

त्याच सोसायटीने औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले आणि तिथल्या वातावरणातून साठच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले. पुण्या-मुंबईच्या मासिकांत जागा मिळत नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा स्वतःचे त्रैमासिक काढले, लेखक-वाचक मेळावे भरवले. आज विद्यापीठांत जे दलित साहित्य शिकवतात त्यातले कितीतरी लेखक या औरंगाबादच्या वाटेने आले.

म्हणून पैसे लेखकाकडून घेऊन वर आपली छाप मारणाऱ्या 'प्रकाशका'पेक्षा स्वतः छापखान्यात जा. कागद बघा, मुद्रितशोधन दोनदा करा, झेपतील तेवढ्याच प्रती काढा. आयएसबीएन क्रमांक सरकार फुकट देते. त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. विक्रीला दुकान नको. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर, दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांपुढे जी गर्दी होते ती महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या समाजाच्या जत्रेत दिसते ते दाखवा. तिथे सतरंजी टाकून बसायला लाजू नका. आणि आपल्या माणसाचे पुस्तक फुकट मागू नका. आठ आणे देऊन घेणारे १५०० लोक होते म्हणून दुसरी आवृत्ती निघाली.

आणखी एक काम लोक हमखास विसरतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. टपालाचा खर्च होतो, कोणी टाळ्या वाजवत नाही. पण वेरूळच्या १५ क्रमांकाच्या लेण्यात दंतिदुर्ग राजाचा लेख आहे आणि ज्यांनी छिन्नी धरली त्यांची नावे त्यात नाहीत. तुमच्या गावाच्या लढ्याचे पुस्तक पन्नास वर्षांनी कोणी शोधायला निघाला, तर ते तुमच्या माळ्यावर नाही, त्या ग्रंथालयांच्या यादीत शोधेल.