घरगुती डिस्कसंच

घरगुती डिस्कसंच म्हणजे घरच्या संगणकात किंवा घरातील जाळ्याला जोडलेल्या साठवण पेटीत दोन अथवा अधिक हार्ड डिस्क बसवून त्यांचा एकच मोठा साठा म्हणून केलेला वापर होय. अशा संचाचे दोन हेतू असतात: एका डिस्कपेक्षा मोठी जागा मिळविणे आणि एखादी डिस्क निकामी झाली तरी माहिती शाबूत ठेवणे. हे दोन्ही हेतू परस्परविरोधी आहेत. डिस्क वाढल्या की जागा वाढते, त्याचबरोबर त्यांपैकी एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून जोडणीची पद्धत निवडताना किती जागा मिळेल यापेक्षा डिस्क बिघडल्यावर किती माहिती उरेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जळगाव, धुळे यांसारख्या अतिउष्ण हवामानाच्या व वीज वारंवार खंडित होणाऱ्या भागांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो.

गरज

घरगुती माहितीचा आकार चित्रीकरण आणि कागदपत्रांच्या प्रतिमा यांमुळे वाढला आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेले चित्रीकरण तासाला सुमारे ४५ गिगाबाइट जागा घेते. दोन कॅमेऱ्यांनी प्रत्येकी दहा तास टिपलेल्या एका लग्नसमारंभाचे मूळ चित्रीकरण त्यामुळे ९०० गिगाबाइटपर्यंत जाते. एका इंचात ३०० बिंदू या घनतेने घेतलेली ए-४ आकाराच्या पानाची रंगीत, असंक्षिप्त प्रतिमा सुमारे २६ मेगाबाइटची असते. जुन्या वह्या, खाती व पत्रे यांची दहा हजार पाने अशा रीतीने साठविल्यास २६० गिगाबाइट लागतात. लग्नाचे चित्रीकरण करणारे व्यावसायिक, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक आणि बोलीभाषांचे ध्वनिमुद्रण करणारे विद्यार्थी यांना एक डिस्क त्यामुळे लवकरच अपुरी पडते.

इतिहास

एकाच माहितीच्या दोन डिस्कवर दोन प्रती ठेवण्याची पद्धत मोठ्या संगणकांत १९७० च्या दशकापासून होती. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात आणि त्यांच्या बिघाडाची भरपाई जादा माहिती साठवून करावी, असे त्यात मांडले होते. या रचनेला त्यांनी ‘रेड’ हे संक्षिप्त नाव दिले आणि तिच्या १ ते ५ अशा पाच पातळ्या सांगितल्या. रेड ० व रेड ६ ही नावे नंतर रूढ झाली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००५ मध्ये झेडएफएस ही संचिका प्रणाली खुली केली. तिने डिस्कची जोडणी आणि माहितीच्या अचूकतेची तपासणी एकत्र आणली. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ‘स्टोरेज स्पेसेस’ ही सोय आल्यावर सामान्य घरगुती संगणकावर डिस्कसंच करणे अधिक सोपे झाले.

जोडणीच्या पद्धती

पुढील वर्णनात प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार डिस्क गृहीत धरल्या आहेत.

• सलग जोडणी: एक डिस्क भरली की दुसरी वापरली जाते. एकूण १६ टेराबाइट जागा मिळते, परंतु संरक्षण मिळत नाही. एक डिस्क गेली तर तिच्यावरील माहिती जाते आणि अनेकदा संपूर्ण संचाची मांडणी बिघडते.

• रेड ०: माहितीचे तुकडे करून ते सर्व डिस्कवर पट्ट्यांप्रमाणे पसरवितात. जागा १६ टेराबाइट व वेग मोठा असतो. मात्र एक डिस्क गेली की सर्व माहिती जाते.

• रेड १: प्रत्येक डिस्कवर सारखीच प्रत असते. यास आरसा पद्धत म्हणता येईल. दोन डिस्कच्या घरगुती संचासाठी ही सर्वांत सोपी रचना आहे.

• रेड १०: आरशांच्या जोड्या करून त्यांवर पट्टे पसरवितात. ८ टेराबाइट जागा मिळते. प्रत्येक जोडीतील एक डिस्क गेली तरी संच चालू राहतो.

• रेड ५: एका डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी राखली जाते. १२ टेराबाइट जागा मिळते आणि कोणत्याही एका डिस्कचा बिघाड सोसता येतो.

• रेड ६: दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी जाते. ८ टेराबाइट जागा मिळते आणि कोणत्याही दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती राहते.

संरक्षण नसलेल्या पद्धतींचा धोका साध्या गणिताने समजतो. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता २ टक्के मानली, तर चार डिस्कच्या रेड ० संचात सर्व माहिती गमावण्याची शक्यता सुमारे ७.८ टक्के होते.

डिस्कवर छापलेली क्षमता दशमान पद्धतीची असते, तर विंडोज ती द्विमान पद्धतीने मोजते. त्यामुळे ४ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ३.६४ टेराबाइट दिसते. हा दोष नव्हे.

पॅरिटीचे कार्य

पॅरिटी म्हणजे इतर डिस्कवरील बिटांवरून काढलेला एक तपासणी-बिट होय. तीन डिस्कवर १, ० व १ हे बिट असतील, तर त्यांत १ हा अंक दोन वेळा, म्हणजे सम संख्येने आला आहे. म्हणून पॅरिटी ० ठेवतात. विषम वेळा आला असता तर ती १ ठेवली असती. आता दुसरी डिस्क बिघडली, तर उरलेले बिट १, १ आणि पॅरिटी ० यांवरून हरवलेला बिट ० होता हे निश्चित करता येते. हीच क्रिया अब्जावधी बिटांसाठी करून नव्या डिस्कवर जुनी माहिती उभी केली जाते. या क्रियेला पुनर्बांधणी म्हणतात. एकाच वेळी दोन डिस्क गेल्यास एका पॅरिटीवरून उत्तर निघत नाही, म्हणून रेड ६ मध्ये निराळ्या गणिताने काढलेली दुसरी पॅरिटीही ठेवतात.

पुनर्बांधणीतील धोके

बिघडलेली डिस्क बदलून पुनर्बांधणी पूर्ण होईपर्यंतचा काळ संचासाठी सर्वांत नाजूक असतो. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरली तरी सुमारे १५ तास लागतात. संच त्याच वेळी वापरात असल्यास हा काळ आणखी वाढतो. या काळात उरलेल्या सर्व डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात. एकाच दुकानातून, एकाच वेळी घेतलेल्या डिस्क सारख्याच वयाच्या व कधीकधी एकाच उत्पादन-गटातील असतात. त्यामुळे पहिलीपाठोपाठ दुसरी बिघडण्याची शक्यता वाढते.

अनेक घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात १०० लाख कोटी बिट वाचताना जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक, असे प्रमाण दिलेले असते. हे प्रमाण १२.५ टेराबाइट वाचनामागे एक चूक असे होते. प्रत्यक्षात डिस्क बहुधा यापेक्षा चांगल्या चालतात. तरीही ८ टेराबाइटच्या चार डिस्कच्या रेड ५ संचात पुनर्बांधणीसाठी २४ टेराबाइट वाचावे लागतात, हे पाहता मोठ्या डिस्कसाठी रेड ६ किंवा आरसा पद्धत सुचविली जाते.

काही डिस्कमध्ये अधिक माहिती मावावी म्हणून लेखनपट्टे कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढविलेले असतात. अशा डिस्कवर सलग मोठे लेखन फार मंदावते आणि पुनर्बांधणी रखडते. डिस्कसंचासाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्येही ही रचना स्पष्टपणे न सांगता वापरली गेल्याचे २०२० मध्ये उघड झाले. त्यामुळे खरेदीपूर्वी माहितीपत्रकातील लेखनपद्धत तपासणे आवश्यक मानले जाते.

प्रणालींची निवड

जोडणी स्वतंत्र रेड कार्डाद्वारे किंवा संगणक प्रणालीद्वारे करता येते. कार्ड बिघडल्यास पुष्कळदा त्याच प्रकारचे दुसरे कार्ड मिळाल्याशिवाय माहिती वाचता येत नाही. लिनक्समधील एमडी प्रणाली किंवा झेडएफएस यांनी केलेला संच मात्र दुसऱ्या संगणकाला जोडून चालू करता येतो. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या वापरकर्त्यास सुटे भाग लगेच मिळत नसल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

झेडएफएस व बीटीआरएफएस या संचिका प्रणाली प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा तपासणी-अंक ठेवतात. डिस्कने कोणतीही सूचना न देता चुकीची माहिती परत केली, तर ती यामुळे ओळखता येते व दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करता येते. बीटीआरएफएसमधील रेड ५ व ६ ही सोय मात्र महत्त्वाच्या माहितीसाठी वापरू नये, अशी सूचना तिच्या विकासकांनीच दिलेली आहे.

चित्रपट, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे अशा क्वचित बदलणाऱ्या साठ्यासाठी स्नॅपरेड ही प्रणाली वापरतात. तीत प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे वाचता येते, निरनिराळ्या आकारांच्या डिस्क चालतात आणि पॅरिटी वापरकर्त्याने ठरविलेल्या वेळी काढली जाते. पॅरिटीची डिस्क संचातील सर्वांत मोठ्या डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. क्षमतेपेक्षा अधिक डिस्क बिघडल्या तरी उरलेल्या डिस्कवरील माहिती हाती राहते. शेवटच्या पॅरिटीनंतर झालेले बदल मात्र सुरक्षित नसतात.

खानदेशातील परिस्थिती

उष्णता: जळगाव, भुसावळ व धुळे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४४ ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत आणि कधीकधी त्याहूनही वर जाते. बहुतेक घरगुती डिस्कची कमाल कार्यमर्यादा ६० अंश असते. वापर चालू असताना डिस्क खोलीच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी अधिक तापणे सामान्य आहे. खोलीत ४० अंश असल्यास डिस्क ५० ते ५५ अंशांवर जाते. एक लाखाहून अधिक डिस्कवर आधारित असा गूगलच्या संशोधकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम तापमान व बिघाड यांचा अपेक्षेइतका संबंध त्यात आढळला नाही. परंतु फार उंच तापमानात, विशेषतः तीन-चार वर्षे जुन्या डिस्कमध्ये, बिघाड वाढलेला दिसला. खानदेशातील उन्हाळा घरगुती संचाला याच वरच्या टोकाकडे नेतो. म्हणून डिस्कमध्ये बोटभर अंतर ठेवणे, पेटीच्या पुढे पंखा बसविणे आणि पुनर्बांधणीसारखी दीर्घ कामे शक्यतो रात्री करणे हितकारक ठरते. वाळ्याच्या ताट्यांच्या किंवा गवती पॅडच्या कूलरचा झोत थेट संगणकावर सोडणे टाळतात, कारण त्या दमट हवेबरोबर धूळ व पाण्यातील क्षारही आत जातात.

वीज: रेड ५ व ६ मध्ये माहिती आणि पॅरिटी वेगवेगळ्या डिस्कवर लिहिली जाते. या दोन लेखनांच्या मध्ये वीज गेली, तर दोहोंचा मेळ राहत नाही. पुढे डिस्क बिघडल्यावर अशा पॅरिटीवरून चुकीची माहिती तयार होते. झेडएफएसची रचना हा दोष टाळते, तर एमडी प्रणालीत त्यासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवण्याची सोय आहे. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा ‘यूपीएस’ व ‘नॉर्मल’ असे दोन पर्याय असतात. नॉर्मल पर्यायात वीज बदलण्यास अधिक वेळ लागल्याने संगणक बंद पडू शकतो. बॅटरी संपत आल्याची सूचना साधा इन्व्हर्टर संगणकाला देत नाही. यूएसबी तारेने जोडलेला यूपीएस ती देतो आणि संच नीट बंद करता येतो. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी सोडावे लागते.

डिस्कसंच व बॅकअप

डिस्कसंच हा बॅकअपचा पर्याय नाही. चुकून पुसलेली संचिका आरशातील दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर विषाणू, चोरी, आग, वीज कोसळणे व पूर हेही सर्व डिस्कना एकदम बाधतात. संच केवळ डिस्कच्या बिघाडापासून वाचवितो. त्यासाठी अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम सांगितला जातो: माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी.

दुसऱ्या जागेचे महत्त्व या भागाच्या इतिहासातही दिसते. १८७२ मध्ये पांझरा नदीला आलेल्या पुरात धुळे शहराची मोठी हानी झाली होती. त्याच शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये निधन झाले आणि त्यांनी जमविलेल्या साधनांच्या जतनासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी शोधलेली अनेक पत्रे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून छापली गेली. त्यामुळे मूळ कागद एका दप्तरात असला तरी त्याचा मजकूर अनेक गावांच्या ग्रंथालयांत पोहोचला. संगणकीय माहितीस हेच तत्त्व लागू पडते.

सेकंदाला २० मेगाबिट चढाईवेगाच्या जोडणीवरून ८ टेराबाइट माहिती मेघसाठ्यात पाठविण्यास सुमारे ३७ दिवस लागतात. अशा वेळी सुट्या डिस्कवर प्रत करून ती परगावी नातेवाइकांकडे ठेवणे व्यवहार्य ठरते. धुळे व जळगाव ही शहरे एकमेकांपासून शंभर किलोमीटरच्या आत आहेत. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी डिस्कची अदलाबदल शक्य होते. अशा डिस्कवर सांकेतिक कुलूप घालणे आवश्यक असते आणि त्याची किल्ली निराळी जपावी लागते.

देखभाल

• महिन्यातून एकदा संपूर्ण संच वाचून तपासणे. यामुळे सुप्त दोष पुनर्बांधणीपूर्वीच उघड होतात.

• डिस्कची स्मार्ट ही स्व-तपासणी नोंद पाहणे. बदललेल्या किंवा बदलाच्या प्रतीक्षेत असलेल्या खंडांची संख्या वाढू लागल्यास डिस्क बदलणे.

• प्रत्येक डिस्कवर तिचा अनुक्रमांक ठळकपणे चिकटविणे. बिघडलेल्या डिस्कऐवजी चांगली डिस्क काढली जाऊन संच नष्ट होण्याचा प्रसंग यामुळे टळतो.

• बिघाडाची सूचना फोनवर किंवा ईमेलने मिळेल अशी व्यवस्था करणे. अन्यथा एक डिस्क बंद पडूनही संच चालू राहतो आणि दुसरी जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

• वर्षातून किमान एकदा बॅकअपवरून काही संचिका परत आणून उघडून पाहणे. परत आणून न पाहिलेला बॅकअप विश्वसनीय मानला जात नाही.

हे सुद्धा पहा

• हार्ड डिस्क
• संचिका प्रणाली
• अखंड वीजपुरवठा यंत्र
• इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ
• खानदेश