डडलीचे पाथरवट

मी साताऱ्याची. आमचा काळा कातळ लाव्ह्याचा, त्यात समुद्रातला शिंपला कुठून सापडणार! म्हणून इंग्लंडात डडलीला राहायला आल्यावर इथल्या रेन्स नेस्ट टेकडीचं मला अपार कौतुक वाटलं. ही अख्खी टेकडी सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्राचा तळ आहे. हा भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. मधाच्या पोळ्यासारखे फॅव्होसाइट्स प्रवाळ, समुद्रकमळांचे देठ, शंखशिंपले, ट्रायलोबाइट नावाचे किड्यासारखे दिसणारे समुद्री प्राणी, सगळं जागच्या जागी दगड झालेलं. चुनखडीत मधेच थर नसलेले मोठाले गोळे दिसतात. ते त्या काळचे प्रवाळांचे उंचवटे. पाथरवट त्यांना ‘क्रॉग-बॉल’ म्हणत.

या पाथरवटांविषयी मला जास्त बोलायचंय. लोखंडाच्या भट्टीत खनिजातली घाण मळी होऊन वेगळी व्हायला चुनखडी लागते. भट्ट्या वाढल्या तशी टेकडी पोखरली गेली. थर तिरपे उभे असल्याने चांगल्या चुनखडीचे दोन पट्टे काढून घेतले आणि मधला भाग तसाच ठेवला. त्या खोल चरांच्या काठावर उभं राहिलं की आजही छाती दडपते. दगड कालव्याने जाई. १७९२ साली खुल्या झालेल्या कालव्याच्या डडली बोगद्यात नाव ओढणाऱ्या घोड्याला वाट नव्हती. माणसं नावेवर उताणी पडत आणि भिंतीला पाय रेटत नाव पुढे नेत. बोगदा जवळपास तीन किलोमीटरचा, आत मिट्ट काळोख!

दगड फोडताना सापडलेले जीवाश्म हे कामगार संग्राहकांना विकत. तेवढाच मजुरीला हातभार. कॅलिमेनी ट्रायलोबाइटला त्यांनी ‘डडली बग’ म्हटलं, आणि पुढे तो नगराच्या मानचिन्हावर जाऊन बसला. या समुद्राच्या काळाला ‘सिल्युरियन’ हे नाव देणारा भूवैज्ञानिक रॉडरिक मर्चिसन. १८३९ साली त्याचा ‘द सिल्युरियन सिस्टिम’ हा ग्रंथ आला. दहा वर्षांनी इथल्याच भुयारात जमलेल्या लोकांनी त्याला ‘सिल्युरियाचा राजा’ म्हणून गौरवलं. मर्चिसन मोठा होताच. पण ज्यांच्या घणाखालून हा समुद्र वर आला, त्यांची नावं कुठल्याच ग्रंथात नाहीत, आणि हा अन्याय आहे असंच माझं मत आहे.

१९५६ पासून टेकडी राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. कधी आलात तर हातोडा आणू नका, खडक फोडायला बंदी आहे. पायथ्याच्या सुट्या तुकड्यांतच भरपूर प्रवाळ सापडतात. सावकाश बघा.