भुयाराचा नकाशा

यंत्रात नवे सामर्थ्य आले, की जुन्या यंत्रासाठी रचलेली करमणूक मागे पडते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. संगणकावरील भुयारांचे खेळ मात्र याला अपवाद ठरले. चाळीस वर्षे उलटून गेली तरी त्यांची मोहिनी ओसरलेली नाही.

या खेळांचे मूळ संगणकात नाही. ते टेबलाभोवती जमणाऱ्या मंडळींत आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात कोणी योद्धा होई, कोणी मांत्रिक. सूत्रधार भुयाराचे वर्णन करी आणि लढतीचा निकाल फासे देत. पुढच्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक-यंत्रणेवर त्याची प्रतिरूपे अवतरली. अन्य कामासाठी राखलेल्या जागेत दडविलेला ‘पेडिट ५’ हा असाच एक खेळ व्यवस्थापकांनी पुसून टाकला. कल्पना मात्र पुसली गेली नाही.

१९८१ साली कॉर्नेल विद्यापीठातील अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांनी ‘अ‍ॅपल टू’ संगणकासाठी ‘विझर्ड्री’ रचला. दहा मजल्यांचे भुयार, प्रत्येक मजल्यावर वीस बाय वीस चौकटी आणि सहा साहसवीरांची तुकडी, एवढाच त्याचा संसार. पडद्यावर भिंतींच्या चार रेषा दिसत, नकाशा नसे. खेळणाऱ्याने चौकटींचा कागद घ्यावा आणि पावलागणिक भिंत नि दार पेन्सिलीने नोंदवावे. काही चौकटी नकळत तोंड फिरवीत, काही भलतीकडे नेऊन टाकीत. मग सारा कागद खोडावा लागे.

अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे नव्हते. या खेळातही खरी परीक्षा परतीच्या वाटेवरच होई. मेलेल्या वीराला देवळात द्रव्य मोजून जिवंत करता येई. पण विधी फसला तर त्याची राख होई आणि पुन्हा फसला तर तो कायमचा जाई. म्हणूनच आणखी एक दार उघडावे की मागे फिरावे, या साध्या प्रश्नाला वजन येई.

हा केवळ तारुण्याच्या आठवणींचा मोह आहे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु इतिहास त्याला दुजोरा देत नाही. जपानमध्ये ‘विझर्ड्री’ने नवी परंपरा घडविली, १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’वर त्याचा ठसा आहे. २००७ च्या ‘एट्रियन ओडिसी’त हातातल्या यंत्राच्या खालच्या पडद्यावर खेळाडूनेच नकाशा काढायचा होता. ‘विझर्ड्री’ची नवी आवृत्तीही मूळ आज्ञावलीच्या पायावर उभी राहून २०२४ साली पूर्ण झाली.

या साऱ्यांचा अर्थ २०१२ च्या ‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’ या फिनलंडमधील खेळात स्पष्ट होतो. त्यात नकाशा आपोआप उमटतो. पण ती सोय बंद ठेवून जुन्या पद्धतीने खेळण्याची मुभाही आहे. आयता नकाशा वाट दाखवितो. स्वतः चुकत काढलेल्या नकाशाने ते भुयार खेळणाऱ्याचे होते. आपल्या पावलांनी जिंकलेली ही मालकी यंत्राला कोणाच्या वतीने मिळवून देता आलेली नाही, आणि या खेळांचे दीर्घायुष्य त्यातच आहे.