शेवटच्या घोटानंतरचे 96 तास

24 मार्च 2020, रात्री 8. पंतप्रधान टीव्हीवर सांगतात की आज रात्री 12 पासून देश बंद, 21 दिवस. जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील. केरळात दारूची सरकारी दुकानं त्या दिवशी उघडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली नाहीत.

भाषण ऐकणाऱ्यांत एक गवंडी आहे असं धरू. तो कुणी एक माणूस नाही, पण त्याचं पुढे जे होतं ते त्या आठवड्यात कितीतरी घरांत झालं. वर्षानुवर्षं रोज पिणारा, सकाळी हात स्थिर व्हायलाही घोटभर लागणारा. बाटलीत उरलेलं तो संपवतो. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या, 2019 साली आलेल्या पाहणीत दारूच्या घातक वापराने किंवा व्यसनाने ग्रासलेल्यांची संख्या सुमारे 5.7 कोटी होती. त्यांच्यासाठी त्या रात्री कुणी एक वाक्यही बोललं नाही.

25 मार्च, पहाटे 4. आठवा तास. हात कापतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते. दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवते आणि चेतवणारं ग्लुटामेट दाबून ठेवते. रोजच्या पिण्याला तोंड देताना मेंदूने गाबाला प्रतिसाद देणं कमी केलेलं असतं आणि ग्लुटामेटची बाजू बळकट केलेली असते. आता दारू नाही, ही उलटी तजवीज मात्र तशीच आहे.

घरच्यांना बरंच वाटतं. सुटली एकदाची! त्यांचा राग, त्यांची आशा, दोन्ही खरी आहेत. पण इथेच डॉक्टर गाठायला हवा होता. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखं औषध देखरेखीखाली सुरू करून हळूहळू उतरवत नेलं, तर पुढचं बहुतेक सगळं टळतं. औषधांची दुकानं तर बंद नव्हतीच.

25 मार्च, दुपार. भिंतीवर किडे चालताना दिसतात, कुणीतरी नावाने हाका मारतं. अजून त्याला स्वतःचं नाव, घर, वार सगळं ठाऊक आहे.

26 मार्च, पहाटे 2. तिसावा तास. आकडी. अंग ताठ, दातखीळ, मग झटके. घरचे नाकाला कांदा लावतात, हातात लोखंडाची किल्ली देतात. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात आणि त्याला झोप लागते, म्हणून दवाखाना राहून जातो. बाहेर पोलिस आहेत, गाडी नाही. याआधी दोन-तीनदा घरच्या घरी दारू तोडलेल्याला आकडीचा धोका जास्त असतो. मेंदू दर वेळी अधिक भडकतो.

27 मार्च, सकाळ. साठ तास उलटलेले. तो बायकोला ओळखत नाही. अंथरुणावर बसून हवेत विटा रचतो, थापीने चुना सारखा करावा तसे हात फिरवतो. भ्रमात माणूस स्वतःचाच धंदा करत राहतो, हे डॉक्टरांनी फार पूर्वीपासून नोंदवलं आहे. ताप चढलेला, नाडी पळते आहे. कुणी म्हणतं कोरोना, कुणी म्हणतं बाहेरची बाधा. त्याला खाटेला बांधतात.

ही डिलिरियम ट्रेमेन्स. उपचारांविना यात तिघांतला एकही दगावू शकतो. वेळेवर अतिदक्षता मिळाली तर शंभरांत पाचांहून कमी. बंगळूरच्या रुग्णालयांत त्या दिवसांत अशा गंभीर रुग्णांची दिवसाची सरासरी 4 वरून 8 वर गेल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. केरळातून तोवर आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या होत्या.

27 मार्च, रात्री 8. बाहत्तरावा तास. अशक्तपणा आहे म्हणून जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन लावतात. तो पितो हे लाजेपोटी कुणी सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही. मला या सगळ्या घटनाक्रमात सर्वांत जास्त छळणारी जागा हीच. दारुड्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातलं बी-1, आधीच आटलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्च होऊ शकतं. मग डोळे नीट वळत नाहीत, चालताना तोल जातो, गोंधळ वाढतो. याला वेर्निके म्हणतात. तेव्हाही थायमिनचं इंजेक्शन पडलं नाही, तर मागे कोर्साकॉफ हा स्मृतीचा विकार राहू शकतो. जेवून उठलेला माणूस जेवलोच नाही म्हणतो, आणि आठवणीतल्या रिकाम्या जागा घडलेल्याच नसलेल्या गोष्टींनी भरतो. खोटं बोलण्याचा त्याचा हेतू नसतो. ते थायमिन अगदी स्वस्त आहे.

28 मार्च, रात्री 8. शहाण्णवावा तास. भ्रम सुरू होण्याचा मुख्य काळ इथे सरतो. ज्यांना व्हायचा त्यांच्यापैकी बहुतेकांना तो सुरू झालेला असतो.

30 मार्च. केरळ सरकारचा आदेश निघतो: डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारूचा पास. औषध म्हणून दारू लिहून द्यायला डॉक्टरांच्या संघटना नकार देतात, आणि माझ्या मते ते योग्यच होतं.

2 एप्रिल. केरळ उच्च न्यायालय आदेशाला स्थगिती देतं. वाद पासाचा होता, आणि त्या पासाला स्थगिती मिळेपर्यंत 24 तारखेला शेवटचा घोट घेतलेल्यांचा नववा दिवस उजाडला होता.