देवळाची शेतं, चर्चची कौलं

मंडळी, गोव्यातलं गावचं चर्च म्हणजे जांभा दगड, वर कौलं, अंगाला चुना. आणि त्यावर चार महिने कोसळणारा पाऊस! म्हणजे दुरुस्ती दरवर्षीचीच. पैसा कुणाचा? राजाचा, असं आपण चटकन म्हणतो. पण गावपातळीवर मोठा भार उचलला तो गावकरीनं, म्हणजे सामायिक जमीन असलेल्या गावसंस्थेनं. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत.

आता तिसवाडीचं बघा. तिथली देवळं पाडली गेली आणि १५४१ साली देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं गेलं. कागदावर गावकऱ्यांची ‘संमती’ आहे. ती कशी मिळाली असेल, तुम्हीच ठरवा. ज्या भातावर देवापुढचा दिवा जळत होता, त्याच भातावर पुढे चर्चचं छप्पर शाकारलं गेलं. मला हे वाचताना अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

चर्चच्या मालमत्तेचा हिशेब ठेवते ती ‘फाब्रिका’. हा लॅटिन शब्द मुळात बांधकामाशीच जोडलेला आहे. शिवाय कोंफ्रारी, म्हणजे भाविकांची मंडळं, होतीच.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमिनीचं हे उत्पन्न आटत गेलं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेजूची डागडुजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करतं. ते संरक्षित स्मारक आहे. गावच्या चर्चला ती सोय नाही. तिथे कौल फुटलं की फाब्रिकाची बैठक बसते, वर्गणी निघते, आणि आखातात गेलेल्या कुणाला तरी फोन जातो.